नियमांची रात्र सहाला संपते

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० नुसार दिवस सकाळी ६ वाजता सुरू होतो आणि रात्री १० वाजता संपतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. लाउडस्पीकरवरची रात्रीची बंदीही सहालाच उठते. सहाचा हा काटा माणसाच्या झोपेवरून ठरलेला आहे आणि तेवढ्यापुरता तो ठीकच आहे. अडचण अशी की पक्ष्यांच्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची घटका नेमकी या काट्याच्या आसपास येते. मेअखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, नागपुरात साडेपाचला. मार्चच्या मध्यात मुंबईचा सूर्योदय पावणेसातच्या आसपास असतो. दयाळ सूर्योदयाच्या बराच आधी, अंधुक उजेडातच गाऊ लागतो; त्याच्यामागून बुलबुल, शिंपी, शिंजीर. म्हणजे विणीच्या हंगामात पहाटेचे हे गाणे एकतर सहाच्या काट्यावर दुभंगते किंवा सगळेच्या सगळे कायद्याच्या ‘दिवसा’त जाऊन पडते. ऐन गाण्याच्या वेळी नियम आवाजाला १० डेसिबलची सूट देऊन टाकतात.

ही १० डेसिबलची सूट दिसते त्याहून फार मोठी आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. उलट बाजूने पाहिले तर भोवतालचा गोंगाट ६ डेसिबलने वाढला की गाणे पोचण्याचे अंतर निम्मे होते आणि ज्या क्षेत्रात ते ऐकू जाते ते पाव होते. गोंगाट १० डेसिबलने वाढला तर अंतर एक तृतीयांशावर येते आणि क्षेत्र एक दशांशावर. शंभर मीटरपर्यंत पोचणारे गाणे सुमारे ३ हेक्टरांवर ऐकू जाते. तेच १० डेसिबल जादा गोंगाटात ३२ मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम ०.३ हेक्टरवर. झाडोऱ्यात आवाज आणखी विरतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील. दिशा तीच राहील.

आवाजाचा आपला कायदा माणसाच्या कानासाठी, माणसाच्या घड्याळाने आणि सोळा तासांच्या सरासरीने मोजतो. पक्ष्यांसाठी वेगळा कायदा करावा असे मी म्हणत नाही. आहे त्याच नियमांत वेळ, स्वरपट्टी आणि जागा या तीन गोष्टी दुरुस्त केल्या तरी पुष्कळ साधेल. पण त्याआधी, ‘पक्षी जुळवून घेतात’ या आपल्या लाडक्या समजुतीकडे पाहिले पाहिजे. ती अर्धी खरी आहे, आणि त्या अर्ध्या खरेपणामुळेच घातक आहे.

पहाटेच का गायचे, हा प्रश्न आधी. किडे टिपण्याइतका उजेड नसतो, म्हणून चाऱ्याचा वेळ वाया जात नाही. वारा पडलेला असतो, जमीन तापलेली नसते, हवेत भोवरे कमी असतात; गाण्याचे बारकावे न फाटता लांब जातात. मात्र याच वेळी जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवा असा उलटा थर असतो. त्या थरामुळे दूरचा आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो. दुपारी ऐकू न येणारी रेल्वे पहाटे अंथरुणात ऐकू येते ती यामुळेच. थोडक्यात, पक्ष्याला जी हवा उपयोगी पडते तीच महामार्गालाही पडते. दोन किलोमीटरवरचा रस्ता दुपारी नसल्यासारखा वाटला तरी पहाटे तो टेकडीवर हजर असतो.

गाणे काय करते हेही नेमके सांगायला हवे, कारण ‘पक्षी आनंदाने गातात’ असे म्हटले की चर्चा तिथेच संपते. नराचे गाणे एकाच वेळी दोघांसाठी असते. शेजारच्या नराला ते सांगते की ही हद्द भरलेली आहे. मादीला सांगते की येथे धडधाकट नर आहे. गाणे पोचले नाही तर नर हद्द राखायला अंगावर धावून जातात, म्हणजे शक्ती आणि वेळ दोन्ही खर्च. याशिवाय आवाजाच्या छोट्या हाका असतात, आणि माझ्या मते गोंगाटाचे खरे नुकसान तिथे जास्त होते. घरट्यातली पिल्ले पालक आला हे आवाजावरून ओळखून चोच उघडतात आणि धोक्याची हाक ऐकली की गप्प दबून बसतात. कॅनडात मार्टी लेनर्ड आणि अँड्र्यू हॉर्न यांनी झाडांच्या ढोलीत घरटी करणाऱ्या पाकोळ्यांच्या पिल्लांवर गोंगाटाचे प्रयोग केले. गोंगाटात पिल्लांना पालक आल्याचे कळत नाही, आणि धोक्याची हाक ऐकूनही ती पुरेशी दबत नाहीत. श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात एबेन गुडेल आणि शरत कोटगामा यांनी मिश्र थव्यांचा अभ्यास केला. तिथे थव्यातले बाकी पक्षी कोतवालाच्या इशाऱ्यांवर विसंबून असतात. सह्याद्रीतही असे मिश्र थवे आहेत आणि त्यांत कोतवाल आहेच. ससाणा आल्याची हाक हॉर्नखाली दबली तर ती पुन्हा देण्याची संधी मिळत नाही.

आता ऐकण्याकडे. मेरीलँड विद्यापीठातले रॉबर्ट डूलिंग यांनी पक्ष्यांच्या कानांवर आयुष्यभर काम केले. बहुतेक पक्ष्यांचा कान १ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्टीत तीक्ष्ण असतो, आणि गोंगाटातून एखादा सूर वेगळा काढायला त्यांना माणसापेक्षा साधारण ६ डेसिबल जास्त फरक लागतो. वरचे गणित आठवा: ६ डेसिबल म्हणजे दुप्पट अंतर. गोंगाटात एखादा दयाळ तुम्हाला जितक्या अंतरावरून ऐकू येतो, त्याच्या निम्म्या अंतरापर्यंतच तो दुसऱ्या दयाळाला ऐकू जातो. ‘रस्त्यावरूनसुद्धा पक्षी छान ऐकू येतात हो’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. शिवाय नुसते ऐकू येणे पुरेसे नाही. काहीतरी आवाज आहे हे कळणे ही पहिली पायरी. तो कोणत्या जातीचा हे कळायला थोडी जास्त पातळी लागते, तो शेजारचाच की परका हे ओळखायला आणखी. पहिल्या पायरीवर अडकलेला पक्षी आपल्या नोंदीत ‘ऐकत असलेला’ पक्षी ठरतो.

गोंगाटात पक्षी करतात काय? मोठ्याने गातात. बर्लिनमध्ये हेन्रिक ब्रुम यांनी २००४ मध्ये दाखवले की गोंगाटातल्या हद्दीतले नाइटिंगेल शांत हद्दीतल्यांपेक्षा १४ डेसिबलपर्यंत मोठ्याने गातात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सुट्टीच्या दिवसापेक्षा जोरात. १४ डेसिबल म्हणजे आवाजाची शक्ती पंचवीसपट. दुसरा मार्ग, वरच्या स्वरात जाणे. हॉलंडमधल्या लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रीट पीट यांनी ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या ३२ नरांची गाणी तपासली आणि २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापले: जिथे गोंगाट जास्त तिथे गाण्यातला सर्वांत खालचा स्वर वर सरकलेला. वाहनांच्या आवाजाची बरीचशी ताकद २ किलोहर्ट्झच्या खाली असते, म्हणून वर सरकलेले गाणे मोकळ्या जागेत जाते. तिसरा मार्ग, वेळ बदलणे. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये रॉबिन पक्षी रात्री गाताना आढळले ते दिवसा गोंगाट असलेल्या जागी. रात्रीच्या दिव्यांपेक्षा दिवसाचा गोंगाट हे कारण प्रबळ निघाले. माद्रिदच्या विमानतळाजवळचे पक्षी विमाने सुरू होण्याआधी गाणे उरकून घेतात.

हे वाचून ‘बघा, निसर्ग मार्ग काढतो’ म्हणायचा मोह होतो. पण प्रत्येक मार्गाची किंमत आहे. जोराने गाणारा पक्षी शिकाऱ्यालाही जास्त दूरवर ऐकू जातो. रात्री गाणाऱ्याची झोप जाते. स्वर वर नेणाऱ्याची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. हॉलंडमधल्याच वाउटर हाल्फवेर्क आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की ग्रेट टिटच्या माद्यांना खालच्या स्वरातली गाणी भावतात, पण गोंगाटात त्याच गाण्यांचा प्रभाव उतरतो. म्हणजे नरापुढे दोनच पर्याय: आवडणारे पण ऐकू न येणारे गाणे, नाहीतर ऐकू येणारे पण फिके गाणे. याच गटाने त्याच वर्षी डच ग्रेट टिटच्या जुन्या नोंदी तपासल्या, तर जास्त गोंगाटाच्या भागात माद्यांची अंडी कमी निघाली.

एक सावधगिरी मात्र पाळायला हवी, कारण या विषयात उत्साही अर्धसत्ये पुष्कळ फिरतात. स्वर वर सरकणे हा दर वेळी हेतुपूर्वक केलेला बदल नसतो. जोराने ओरडताना स्वर आपोआप चढतो. एर्विन नेमेथ आणि ब्रुम यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला की गोंगाटात गाणे पोचवायला वरच्या स्वरापेक्षा नुसता मोठा आवाज कितीतरी जास्त कामाचा. शिवाय पुष्कळ जुन्या अभ्यासांत स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता स्वर किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या चित्रावर, डोळ्यांनी रेघ मारून खालचा स्वर मोजलेला आहे. गोंगाटाच्या ध्वनिमुद्रणात गाण्याचा फिका खालचा भाग गोंगाटाच्या करड्या पट्ट्यात बुडतो, आणि न वाढलेला स्वरही वाढलेला दिसतो. शक्तीच्या आलेखावर कमाल पातळीपासून ठराविक डेसिबल खाली येऊन स्वर मोजला तर ही चूक पुष्कळ टळते. तिकडे हे प्रश्न वीस वर्षे घासूनपुसून झाले आहेत. आपण नव्याने मोजणार असू, तर निदान जुन्या चुका तरी नव्याने करू नयेत.

भारताच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हॉर्नचा आहे. युरोप-अमेरिकेतले निष्कर्ष टायर आणि इंजिनाच्या घरघरीवर बेतलेले आहेत. ती घरघर खालच्या स्वरांत असते, म्हणून वर सरकायला जागा उरते. आपल्या रस्त्यावर त्या घरघरीवर हॉर्न बसलेला आहे. गाडीच्या हॉर्नचा मूळ स्वर ३०० ते ५०० हर्ट्झचा, पण त्याच्या चकतीची घडणच अशी असते की सर्वाधिक ताकद २ ते साडेतीन किलोहर्ट्झमध्ये बाहेर पडावी, कारण गोंगाटातून माणसाच्या कानात शिरायला तीच पट्टी सर्वांत चांगली. गाडीपासून सुमारे सात मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल ही हॉर्नसाठी आपल्याकडची मान्य मर्यादा आहे. दयाळाचे गाणे साधारण २ ते ६ किलोहर्ट्झमध्ये असते. शिंपी, बुलबुल, शिंजीर थोड्याफार फरकाने याच पट्टीत. लायडनच्या पक्ष्याला गोंगाटाच्या वर चढून जाता येते. ठाण्याच्या पक्ष्याला वर चढले तरी हॉर्न भेटतो. तेव्हा ‘शहरातले पक्षी स्वर बदलतात’ हा तिकडचा दिलासा इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

इथे एक भेद लक्षात ठेवावा. शास्त्रीय अर्थाने गाणारे पक्षी म्हणजे ज्यांची पिल्ले मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात असा पक्ष्यांचा मोठा गट. दयाळ त्यात आहे, बुलबुल आहे, चिमणी आहे आणि, कुणाला पटो न पटो, कावळाही आहे. कोकीळ, तांबट, भारद्वाज त्यात नाहीत. त्यांची हाक जन्मजात असते. म्हणून गोंगाटात स्वर हलवण्याची त्यांची मुभा कमीच असावी, आणि त्यांच्या हाका आहेत खालच्या पट्टीत. तांबटाची टुक-टुक १ किलोहर्ट्झच्या खाली, भारद्वाजाचा हुंकार त्याहून बराच खाली, थेट ट्रकच्या घरघरीत. गाणाऱ्या पक्ष्यांपुढचा धोका निराळा: शहाण्या नराचे गाणे पिल्लाला नीट ऐकूच आले नाही, तर ते शिकणार काय?

प्रत्यक्ष हानीचे पुरावे गोळा करताना मोठी अडचण असते ती रस्ता आणि आवाज वेगळे करण्याची. रस्त्याबरोबर धूर येतो, दिवे येतात, झाडे तुटतात, पक्षी गाड्यांना धडकतात. अमेरिकेतल्या बॉइझी स्टेट विद्यापीठाच्या चमूने यावर नामी तोड काढली. आयडाहो राज्यातल्या एका डोंगरधारेवर, जिथे रस्ता नाही, तिथे अर्धा किलोमीटर लांबीत पंधरा स्पीकर लावून फक्त रस्त्याचा आवाज वाजवला. चार दिवस चालू, चार दिवस बंद. स्थलांतराच्या हंगामातला हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज चालू असलेल्या दिवसांत पक्ष्यांची संख्या पावाहून जास्त घटली. पुढच्या अभ्यासात कळले की जे पक्षी थांबले त्यांतल्या काहींचे वजन भरेना. मान वर करून पहारा देण्यात चाऱ्याचा वेळ जात होता. कॅनडाच्या अल्बर्टात वायूवाहिनीच्या कॉम्प्रेसरजवळच्या हद्दींतल्या ओव्हनबर्ड नरांपैकी ७७ टक्क्यांना मादी मिळाली. जंगल तसेच तोडलेल्या, पण कॉम्प्रेसर नसलेल्या जागी हेच प्रमाण ९२ टक्के होते. इंग्लंडच्या लंडी बेटावर जनरेटरच्या आवाजात राहणाऱ्या चिमण्यांच्या माद्या पिल्लांना कमी वेळा चारा भरवताना दिसल्या. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला प्रयोग तर आणखी मागे जातो: झेब्रा फिंचच्या अंड्यांनाच वाहतुकीचा आवाज ऐकवला, तर कमी अंडी उबली, पिल्ले लहान राहिली आणि मोठेपणी त्यांना पिल्लेही कमी झाली. यात अजून गाण्याचा संबंधच आलेला नाही.

गोंगाट थांबला तर काय होते हेही २०२० मध्ये दिसले. सॅन फ्रान्सिस्कोत टाळेबंदीच्या काळात गोल्डन गेट पुलावरची वाहतूक १९५० च्या दशकातल्या पातळीवर आली. एलिझाबेथ डेरीबेरी आणि सहकाऱ्यांकडे तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्यांच्या आधीच्या वर्षांतल्या नोंदी होत्या. चिमण्या हळू आवाजात गाऊ लागल्या आणि तरीही त्यांचे गाणे सुमारे दुप्पट अंतरावर पोचू लागले. काही आठवड्यांत फरक पडतो, ही यातली सर्वांत उपयोगाची माहिती. मातीतले विष उतरायला दशके लागतात. आवाज बंद केल्या क्षणी संपतो.

विरुद्ध बाजूचा एक अभ्यास लपवणे बरे नाही. न्यू मेक्सिकोत वायूविहिरींच्या कॉम्प्रेसरजवळ क्लिंटन फ्रान्सिस यांना पक्ष्यांच्या जाती कमी आढळल्या, पण ज्या जाती तिथे राहिल्या त्यांची घरटी जास्त टिकली. कारण घरटी लुटणारा ‘जे’ (jay) नावाचा पक्षी गोंगाटापासून पळाला होता. आपल्याकडच्या ‘शहरात बुलबुल-दयाळ भरपूर आहेत की’ या निरीक्षणामागे असेच काही असू शकते. पण फ्रान्सिस यांच्याच पुढच्या कामात दिसले की हा ‘जे’ पक्षी गेला तिथे त्याने पेरलेली पिन्यन पाइनची रोपेही घटली. काही जाती फोफावतात, काही नाहीशा होतात, आणि त्याचा परिणाम पक्ष्यांपाशी थांबत नाही. शहरात दिसणारे पक्षी चाळणीतून खाली राहिलेले आहेत. चाळणीने काय गाळले ते त्यांच्याकडे पाहून कळत नाही.

आता पुन्हा नियमांकडे. अभयारण्यांच्या भोवती पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र जाहीर होते, तेव्हा त्या अधिसूचनांत आवाजाबद्दल सहसा एकच ओळ असते: ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे नियंत्रण करावे. म्हणजे शहरातल्या वस्तीसाठी केलेले कोष्टक जंगलाच्या कडेला चिकटवायचे. ते कोष्टक तिथे तीन ठिकाणी फसते.

पहिले, सरासरी. दिवसाची पातळी सहा ते दहा या सोळा तासांची सरासरी म्हणून काढली जाते. पहाटेचा एक तास ६५ डेसिबल आणि उरलेले पंधरा तास ५० डेसिबल असतील तर सरासरी ५४.६ येते, निवासी मर्यादेच्या आत. कागदावर सगळे ठीक, आणि त्या एका तासात गाणे संपून गेलेले. दुसरे, ‘ए’ भारांकन. मोजणीयंत्र माणसाच्या कानाप्रमाणे खालचे स्वर वजा करते. १०० हर्ट्झला तब्बल १९ डेसिबल. भारद्वाज आणि होले जिथे बोलतात ती पट्टी त्यामुळे आकड्यात पुरती उतरतच नाही. शिवाय सगळ्या पट्ट्या एका आकड्यात मिसळल्या की ६० डेसिबलचा जनरेटर आणि ६० डेसिबलचा हॉर्न सारखेच दिसतात. दयाळाला दुसरा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त बाधतो. तिसरी गोष्ट जागेची. शांतता क्षेत्र म्हणजे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर, एवढेच आपल्या डोक्यात आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय तेही शांतता क्षेत्र ठरत नाही. मग एखादी टेकडी, पाणथळ किंवा मोठे उद्यान जाहीर करायला सरकारचे हात कुणी बांधले आहेत?

मोजायचे असेल तर पद्धत फार अवघड नाही. विणीच्या हंगामात, सूर्योदयाआधी एक तास ते नंतर दोन तास. यंत्र वर्ग १ चे किंवा निदान वर्ग २ चे, माइक जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, त्यावर वारा अडवणारा फोम, आधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासणी. एक तृतीयांश सप्तकाच्या पट्ट्यांत नोंद करावी आणि सरासरीबरोबर एल-९० काढावी, म्हणजे ९० टक्के वेळ जिच्यावर आवाज असतो ती पातळी. एल-९० सततची घरघर दाखवते. हॉर्न वेगळे मोजावे लागतात, तासाला किती आणि २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्टीत किती उंच. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झच्या नमुनादरावर (सेकंदाला ४८ हजार नमुने), न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये, गेन म्हणजे आवाज वाढवण्याचे प्रमाण कायम ठेवून. मोबाइलचे अॅप या कामाला चालत नाही, कारण फोन स्वतःच आवाज वरखाली करतो आणि गोंगाट गाळतो. सह्याद्रीत आणखी एक फसगत होते: एप्रिल-मेमध्ये सिकाडा नावाचे किडे वरच्या पट्ट्या भरून टाकतात आणि जूननंतर ओढे. एकच आकडा घेतला तर निर्जन दरी महामार्गापेक्षा गोंगाटाची निघेल. ओढ्याकाठी राहणारा शीळकरी कस्तूर त्या आवाजात पिढ्यानुपिढ्या घडलेला आहे. त्याच्या उदाहरणावरून ट्रक निरुपद्रवी ठरत नाहीत.

कर्नाळा घ्या. पक्ष्यांसाठी राखलेले हे अभयारण्य जेमतेम १२ चौरस किलोमीटरचे, आणि त्यातून मुंबई–गोवा महामार्ग जातो. रस्ता हलवणे आता शक्य नाही असे धरले तरी करण्यासारखे बरेच आहे. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वर गाडीच्या आवाजात इंजिनापेक्षा टायरचा वाटा मोठा होतो, म्हणून वेग उतरवला की आवाज उतरतो. दर १० किलोमीटरमागे साधारण १ ते २ डेसिबल. मात्र वेग उतरवण्यासाठी खडबडीत पट्टे टाकले तर प्रत्येक चाकागणिक नवा खडखडाट सुरू होतो. वेग कॅमेऱ्याने उतरवावा. सच्छिद्र डांबर आवाज काही डेसिबलने कमी करते, पण त्याची छिद्रे गाळाने बुजतात. कोकणातल्या पावसात आणि लाल मातीत वरचेवर धुतले नाही तर ते साध्या रस्त्यासारखेच होते. भिंत उभारली तर टायर आणि पक्षी यांच्यामधली सरळ रेघ तुटताच सुमारे ५ डेसिबलचा फायदा मिळतो. ती पारदर्शक मात्र नको. काचेवर पक्षी आपटून मरतात. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी उन्नत मार्ग झाले आणि आवाज-प्रकाश अडवणाऱ्या भिंतीही लागल्या. तेव्हा हे भारतात होत नाही असे म्हणता येणार नाही. वाघासाठी झाले, एवढेच.

आणि झाडे. रस्त्याकडेला झाडांची रांग लावली की आवाज अडतो, असे प्रत्येक प्रकल्प अहवालात लिहिलेले असते. एक-दोन रांगांनी आवाज मोजता येण्याजोगा कमी होत नाही. ५ डेसिबलसाठी सुमारे ३० मीटर रुंद, जमिनीपासून शेंड्यापर्यंत दाट झाडोरा लागतो. झाडे लावावीतच, पण दुसऱ्या कारणांसाठी.

शहरातले उपाय याहून स्वस्त आहेत. महापालिकेच्या उद्यानांत सकाळी सहापासून खांबांवरचे स्पीकर वाजतात ते मार्च ते जुलै आठपर्यंत बंद ठेवायला एक परिपत्रक पुरते. गवत कापायची दोन-स्ट्रोक यंत्रे नऊनंतर चालवावीत. टेकड्यांच्या पायथ्याशी चालणारी बांधकामे, खडी क्रशर, पायलिंग यांच्या परवान्यात या महिन्यांसाठी ‘सकाळी आठपूर्वी नाही’ अशी अट घालावी. डिझेल जनरेटरला १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहेच, पण त्याचे तोंड हिरव्या बाजूला नसावे एवढे पाहणे आराखडा मंजूर करणाऱ्याच्या हातात असते. कर्कश आणि बहुस्वरी हॉर्नवर केंद्रीय मोटार वाहन नियमांत बंदी आहे. ती जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांच्या नाक्यांवर पहाटे तपासली तर ट्रकचालकांना निरोप पोचायला वेळ लागणार नाही.

मुंबईत सुमायरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनसारख्या संस्थांनी गोंगाटाविरुद्ध जो लढा दिला तो माणसांच्या आरोग्यासाठी होता आणि त्यातूनच हे नियम थोडेफार पाळले जाऊ लागले. पक्ष्यांचा मुद्दा त्या लढ्याच्या विरोधात जात नाही. उलट पहाटे शांत राहिलेली टेकडी खालच्या सोसायटीतल्या रुग्णालाही हवीच असते.

पक्षीनिरीक्षकांनी दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एक गोष्ट बंद करावी. फोटोसाठी ब्लूटूथ स्पीकरवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला बाहेर काढण्याची सवय विणीच्या हंगामात सर्रास दिसते. ज्या नराला गोंगाटामुळे खरा प्रतिस्पर्धी ऐकू येत नाही, त्याला आपण खोटा प्रतिस्पर्धी अगदी स्पष्ट ऐकवतो, आणि तो घरटे सोडून फांदीफांदीवर त्याला शोधत बसतो.

या सगळ्यात सर्वांत आधी होऊ शकणारे काम कागदाचे आहे. पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रांच्या आराखड्यांतली ती एक ओळ बदलून तिथे लिहावे: १ मार्च ते ३१ ऑगस्ट रात्रीची मर्यादा सकाळी आठपर्यंत लागू राहील, लाउडस्पीकरबंदीही तोपर्यंत, आणि वार्षिक मोजणी सूर्योदयाच्या आसपासच्या तीन तासांची, पट्टीवार असेल. याला ना भिंत लागते, ना भूसंपादन. मोजणीयंत्रे प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे आहेत; दिवाळी आणि गणेशोत्सवात ती बाहेर निघतातच. ती एप्रिलच्या एखाद्या पहाटे पाच वाजता कर्नाळ्यात नेऊन ठेवायला फक्त आदेश हवा.